पेटीत मावेल ती बंदूक

बंदूक घेणं म्हणजे वाण्याकडून गूळ आणणं नव्हे, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरी एक एवढीशी बंदूक निवडायला आषाढापासून दसरा उजाडला आणि तेवढा सगळा वेळ माझा संसार खुंटीला टांगून ठेवला होता. आता केस पांढरे झाले, गुडघे गेले, तरी ते पावसाळ्याचे दिवस आठवले की माझं डोकं फिरतं. मग हसू येतं, ती गोष्ट वेगळी.

साठ सालानंतरची गोष्ट. माझं सासर नागपुरात, सक्करदऱ्याला. घरात दोन माग होते आणि सासरे त्यावर नागपुरी काठाची लुगडी विणायचे. मागावर बसणारा माणूस एक असला तरी त्याच्या इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायला मागे दोन बायका लागतात. आमच्याकडे एक सासूबाई होत्या, दुसरी जागा रिकामी होती, म्हणून वैशाखात मला लग्न करून आणलं, असं मी रागाच्या भरात पुष्कळदा म्हणत असे. हळद उतरायच्या आत कांड्या भरायचा रहाट माझ्या पुढ्यात आला होता.

नवरा मात्र माग सोडून शिकलेला. सरकारी सर्व्हेत ओव्हरसीअर, डोळ्यांवर जाड चष्मा, खिशात कायम दोन पेन्सिली. आषाढात त्यांना हुकूम आला. दसरा झाला की चांदा जिल्ह्यातल्या जंगलात कॅम्प, तो थेट पुढचा पाऊस लागेपर्यंत. तंबूत राहायचं, बायकोला न्यायला परवानगी होती. खात्याचा ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता आणि नंतर सोय नव्हती. म्हणजे त्या ट्रकमध्ये मी चढले तर चढले, नाही तर वर्षभर कांड्या. लग्नाला तीन महिने झालेल्या बाईला यातलं काय हवं असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

त्या कॅम्पवर आधी राहून आलेल्या एका ओव्हरसीअरनं ह्यांना एकच सल्ला दिला होता. तिथं बाजार आठवड्यातून एकदा, तोही लांब, आणि नाल्याला पाणी असलं तर तोही नाही. वांगं आणि तुरीची डाळ खाऊन खाऊन जिभेला गंज चढतो. म्हणून एक लहान बंदूक जवळ ठेव, ससा-तितर मिळत राहतो. त्या काळी त्याचा परवाना मिळायचा. आता असलं काही मनातही आणू नका, सरळ तुरुंगात जाल.

ह्यांनी संध्याकाळी घरात विषय काढला. माझे मोठे सासरे, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे आणि आमच्या घरातले सगळे निकाल तेच द्यायचे. त्यांनी पानाची पिंक टाकून सांगितलं की नवी सून जंगलात नेणं आपल्यात नाही, लोक शेण घालतील तोंडात. सासऱ्यांनी मान हलवली आणि कांड्या कोण भरणार म्हणून विचारलं. मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी. मोठ्या सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, नाही तर दोघांनाही चांगलं ऐकवलं असतं. ह्यांनी तर चष्माच पुसायला घेतला. अडचण आली की हे चष्मा पुसतात, आजही.

तेवढ्यात चुलीपासून सासूबाई बोलल्या. "घरात बंदूक आल्याबिगर सून जंगलात जाणार नाही. मी पाठवत नाही."

 आमच्या सात पिढ्यांत कोणी बंदुकीला हात लावलेला नव्हता. नाही म्हणायची ही चांगली युक्ती काढली म्हातारीनं, असं मनात म्हणत मी त्या रात्री जेवलेही नाही. अर्थात ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुरुषमंडळी बंदुकीत शिरली होती.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला सुमार नव्हता. ह्यांचं म्हणणं साधं होतं, की बारीक गोळीची आखूड रायफल घ्यावी, पॉइंट टू-टू म्हणतात ती. तिचा आवाज कमी, झटका कमी, शंभर गोळ्या पानाच्या डब्यात मावतात. मोठ्या बंदुकीनं तितर मारला तर हाती नुसती पिसं येतात, मग खायचं काय. मोठ्या सासऱ्यांना हे ऐकवत नव्हतं. ते तरुणपणी कुठल्याशा जमीनदाराच्या शिकारीत हाका घालायला, म्हणजे डबे बडवून जनावर उठवायला गेले होते. वाघ त्यांनी पाहिला की वाघाची शेपटी की नुसतं हललेलं गवत, यावर घरात एकमत नव्हतं. पण बंदुकीवर बोलायचा हक्क त्यांच्याकडे त्या दिवसापासून आला होता. त्यांना दुनळी पाहिजे होती, माणसाएवढी लांब. वाघ समोर आला तर त्या बारक्या बंदुकीनं काय त्याच्या काखेत गुदगुल्या करता, असं ते रोज विचारायचे.

हे म्हणायचे, वाघ मारायचा नाही, पोट भरायचं आहे. ते म्हणायचे, वाघालाही पोटच भरायचं असते.

सासऱ्यांचा वेगळाच मुद्दा होता. वस्तू कुठलीही असो, ती सरळ पाहिजे आणि अडकली नाही पाहिजे. एकामागून एक गोळ्या सुटणारी नको, त्यात गुंता होतो. एक भरा, एक सोडा. माणसानं धोटा टाकावा तसं. मग त्यावर मोठे सासरे म्हणणार, की एक सोडली आणि वाघाला नाही लागली तर दुसरी भरेपर्यंत वाघ काय बिडी ओढत बसते का. असा श्रावण गेला. पोळ्याला बैल सजले, उतरले, तरी बंदूक दुनळीची एकनळी झाली नव्हती. शेजारपाजारचेही येऊन बसायला लागले. एकानं तर गुलेल सुचवली.

आणि मला सगळ्यात चीड कशाची यायची माहीत आहे? कधीमधी चर्चा थंडावायची आणि मोठे सासरे म्हणायचे, "पण मी म्हणतो, सुनेनं जायचंच काहून?" की सासूबाई हमखास मध्ये तोंड घालायच्या. नळी लांब बरी का आखूड? लाकूड सागाचं राहते का शिसवाचं? पाण्यात पडली तर गंजते का? झालं, मंडळी पुन्हा सुटायची. मी रहाट असा गरगर फिरवायची की सूत तुटायचं. म्हातारीला निकाल लागूच द्यायचा नाही, हे मला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. तुटलेलं सूत सांधता सांधता माझी बोटं तेवढी तरबेज झाली.

लायसनचा अर्ज ह्यांनी आधीच टाकून ठेवला होता, कारण सरकारी नोकरीत अर्ज टाकून ठेवायची सवय लागते. भादव्यात चौकशीला एक शिपाई आला. ओट्यावर बसला आणि सासऱ्यांना विचारलं, की तुमच्या घरचं कोणाशी वैर आहे का. आता असल्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो? पण आमचे सासरे म्हणजे धर्मराज. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, आहे. समोरच्याशी मोरीच्या पाण्यावरून आहे, त्याच्या बाजूच्याशी बोरीच्या झाडावरून आहे. आणि मोठ्या भावाशी सध्या बंदुकीवरून आहे.

शिपायाची पेन्सिल थांबली. मी दाराआड कपाळाला हात लावला. संपलं, म्हटलं, ट्रक गेला. पण सासूबाई चहाची कपबशी घेऊन पदर सावरत बाहेर आल्या. शिपायाला त्यांनी भाऊ म्हटलं, त्याचं गाव विचारलं, गाव उमरेडकडचं निघालं, मग उमरेडमध्ये आपले कोण कोण आहेत ते सांगितलं. शेवटी सहज म्हणाल्या, की अहो, मोरीवरून भांडतात ते वैर थोडंच असते, ती तर सोयरीक झाली. समोरच्या घरूनच आज भाकरीला पीठ आणलं मी. शिपाई हसला, पाव्हण्यासारखा पोहे खाऊन गेला. लायसन आलं. तेव्हाही मला वाटलं, की पोलिसासमोर घराची अब्रू राखली बाईनं. त्यापलीकडे माझी अक्कल चालली नाही.

नवरात्र बसलं तरी बंदूक नाही. अष्टमीला दुपारी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. माझी माहेरची टिनाची पेटी उघडली आणि मागावरचं सूत आतून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरलं. दोन्हीकडे गाठी मारल्या, दातानं तोडलं आणि कनवटीला खोचलं. विणकराच्या घरात पट्टी-बिट्टी कोणी शोधत नाही, पाळण्यापासून तिरडीपर्यंत सगळं सुतानं मापतात. मी विचारलं, हे काहून? त्या म्हणाल्या, उघडी बंदूक ट्रकमधून नेशील तर गावोगाव लोक पाहत राहतील, पेटीत मावली पाहिजे. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक अट.

संध्याकाळी आम्ही सदरला बंदुकीच्या दुकानात निघालो, दोन सायकल-रिक्षांत. पुढच्या रिक्षात मोठे सासरे काळी टोपी आणि उपरणं घालून, शेजारी सासरे धुतलेल्या धोतरात. मागच्यात सासूबाई आणि मी. हे सायकलवर. पाहणाऱ्याला वाटावं मुलगी पाहायला चाललेत. आणि दुकानातही सगळं तसंच झालं. काउंटरवर हिरव्या कापडावर तीन बंदुका मांडल्या होत्या. मोठ्या सासऱ्यांनी बसायला खुर्ची मागितली, पाणी घेतलं आणि घराणं विचारायला सुरुवात केली. ही कुठली? आधी कोणाकडे होती? त्यांनी काहून विकली? काही दोष तर नाही? दुकानदार गंभीर माणूस, तो प्रत्येकीची माहिती हिंदीतून देत होता, वधूपित्यासारखी. सासऱ्यांनी एक डोळा मिटून नळीतून आरपार पाहिलं आणि सूत सरळ आहे म्हणाले.

मोठ्या सासऱ्यांनी दुनळी खांद्याला लावली. तिचं बूड त्यांच्या बरगडीत रुतलं आणि तोंड वळलं ते थेट दुकानदाराच्या छातीवर. बंदूक रिकामी होती, तरी दुकानदार वयाच्या मानानं फार चपळाईनं खाली बसला.

सासूबाईंनी कनवटीचं सूत काढलं आणि दुनळीवर टाकलं. हातभर नळी बाहेर उरली. दुसरीवर टाकलं, तीही उरली. तिसरी जराशीच उरत होती, पण जराशी का होईना. दुकानदारानं आयुष्यात बंदुकीचं गिऱ्हाईक सूत घेऊन आलेलं पाहिलं नसावं. त्यानं सूत हातात घेतलं, गाठी पाहिल्या, आत गेला आणि कपाटातून एक बुटकी जुनी रायफल घेऊन आला. पॉइंट टू-टूच, एकेक गोळी भरायची. खालचा एक स्क्रू फिरवला तर नळी वेगळी, लाकूड वेगळं. सूत टाकलं तर अर्ध्यातच संपली.

मोठे सासरे म्हणाले, हे तर पोट्ट्याचं खेळणं आहे, जत्रेत फुगे फोडायचं. ह्यांचा चेहरा फुलला होता, पण बोलायची छाती नव्हती. सासरे आपले पुन्हा नळीतून पाहत होते.

"पेटीत मावते ते घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पेटी सुनेची हाय. पेटी जिथं जाते, तिथं सून जाते. उद्या पूजा, परवा दसरा. झालं."

आषाढापासून चाललेला खटला तिथं मिटला. सगळे बंदुकीकडे पाहत होते, त्यामुळे त्या बाईनं आणखी कशाचा निकाल लावला तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तो तिनं ठरवून लावला हे मलाही कळलं नाही. मला एवढंच कळलं की मी जाणार. रिक्षात मी वेड्यासारखी हसत होते आणि त्या मला पदर नीट घे म्हणून रागवत होत्या.

नवमीला हत्यारांची पूजा. आमच्याकडे माग, धोटा, फणी धुऊनपुसून तेल लावून मांडतात. त्या वर्षी त्यांच्यात रायफल होती आणि तिचा मान मोठा होता. सासूबाईंनी तिला तिळाचं तेल चोळलं, हळद-कुंकू वाहिलं, कच्च्या सुताचे वेढे दिले. मोठ्या सासऱ्यांनी तिचा अपमान केला होता ना, त्याची भरपाई म्हणून त्यांनीच मूठभर अक्षता घेऊन थेट नळीच्या तोंडात सोडल्या. हे अडवायला पुढं झाले, मागं झाले, मग चष्मा पुसायला लागले. पुजलेल्या हत्याराला दसरा होईस्तोवर हात लावायचा नाही, असा आमचा नेम. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ट्रक दाराशी उभा होता. रायफल नुसती सुटी करून, न पुसता कुंकवासकट, लुगड्यांच्या घडीत घालून मी पेटीला कुलूप लावलं. मोठे सासरे निरोप द्यायला आले होते. त्यांनी ह्यांना हळूच सांगितलं की वाघ दिसलाच तर झाडावर चढ, खेळणं काढत बसू नको.

जंगलात पहिले काही दिवस वांगं आणि तुरीची डाळ, मग तुरीची डाळ आणि वांगं. मग ह्यांनी मोठ्या ऐटीत पेटी उघडली. रायफल जोडली आणि खटका ओढून पाहिला. तो जागचा हलेना. तेल, हळद आणि कुंकू मिळून आत असा काही लगदा वाळला होता की पुरण परवडलं. मी केसांच्या आकड्यानं एकेक तांदूळ काढत बसले, हे घासलेटची बाटली धरून शेजारी. नळीत काडीला चिंधी बांधून घातली तर ती लालभडक होऊन बाहेर आली आणि कॅम्पचा चौकीदार घाबरून विचारायला आला, की साहेब, कुठं लागलं?

दोन दिवसांनी रायफल चालायला लागली. पण आता तितर मारणार कोण? हे नेम धरायचे म्हणजे सर्व्हे करायचे. अंतर किती, वारा कुठून, पक्षी किती उंचीवर, सगळा हिशोब मनात व्हायचा. चष्म्यावर वाफ यायची, ती पुसून होईपर्यंत तितर आपल्या गावाला गेलेला असायचा. मी डाळ ढवळता ढवळता किती दिवस पाहणार? एक दिवस चुलीवरून उठले आणि म्हटलं, आणा इकडे. मी कामठीची, छावणीच्या कडेला वाढलेली. चांदमारीतल्या गोळ्यांच्या आवाजावर आमच्याकडे तान्ही पोरं झोपतात. आवाजाची मला भीती नव्हती, ती रायफल माझ्या खांद्याला बरोब्बर बसली, आणि बारीक सूत सांधणाऱ्या हाताला थरथरायची मुभा नसते. पहिली गोळी वाया गेली. दुसरीत तितर पडला. मी एवढ्या जोरात ओरडले की उरलेलं जंगल उडून गेलं.

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. लायसन ह्यांच्या नावाचं, म्हणून हे ते खिशात घेऊन माझ्या शेजारी उभे राहायचे, अगदी ताठ. गोळी मी मारायची. नागपूरला पत्र मात्र जायचं की चिरंजीवांचा नेम आता चांगला बसला आहे. एवढं केलं पाहिजे बायकोनं.

होळीच्या आधी सासूबाई आल्या, खात्याच्याच ट्रकमधून, पुढं बसून. आल्या आल्या तंबू पाहिला, चूल पाहिली, पेटी पाहिली. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर रायफल उचलली, तर त्यांनी एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.  मी दोन तितर आणले. खसखस-खोबरं भाजून, सावजी मसाला घालून असा रस्सा केला की नुसत्या वासानं ह्यांच्या नाकातून पाणी वाहायला लागलं. हे जेवणाआधी हात धुवायला नाल्यावर गेले आणि आम्ही दोघीच उरलो.

मला राहवलं नाही. इतके महिने मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, तुम्ही ती बंदुकीची अट घातली तेव्हा मी रडले होते. तुम्हाला मला पाठवायचंच नव्हतं ना?

त्या भाकरी मोडत होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर सुतानं कापलेली चीर दिसत होती, ताजी. घरी आता कांड्या भरणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"पाठवायचं नसतं तर बंदूक कायले मागितली असती वं," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या म्हणलं असतं, तर दोघंही भाऊ मह्या अंगावर आले असते. मंग बंदूक टाकली मधात. माणसायले बंदूक दिली का ते दुसरं काही पाहत नाहीत. तीन महिने भांडले, पण सून जाते का राहते यावर भांडायची आठवण राहिली का कोणाले?"

मी चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं. 

"तुहे सासरे इंदुरले होते गिरणीत," त्या म्हणाल्या. "चांगले वर्षानुवर्षं. मी अथीच राहिली, कांड्या भरत. तवा मह्यासाठी कोणाले बंदूक सुचली नाही."

मग त्यांनी ताट पुढं केलं आणि रस्सा थोडा जास्त वाढ म्हणाल्या. मी पातेल्यातले सगळे तितर त्यांच्याच ताटात वाढले. हे हात धुऊन परत आले तेव्हा त्यांच्यासाठी डाळ उरली होती.